प्रतिसाद: आधी बागेची नोंदणी, मग मोबाइलवर ऑर्डर

"व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक मिळालं की रत्नागिरीची आंब्याची पेटी थेट जर्मनीला" असं काही जण म्हणतात, ते निम्मंच पटतं. गिऱ्हाईक मिळेलही, पण पेटीला सीमा ओलांडायला ऑनलाइन नोंद लागते. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 2014 मध्ये आपला आंबा बंद केला होता. 2015 च्या सुरुवातीला तो पुन्हा खुला झाला. तिकडे माल पाठवायचा तर सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन कृषी विभागाकडे मँगोनेटवर (निर्यातीच्या आंबा बागांची ऑनलाइन नोंदणी) बाग नोंदवा, आणि तेही मोहोराच्या आधीच. फवारणीची वही तारखेनिशी ठेवा. कोकणात गाडी अडते ती सातबाऱ्यावर: भावकीची पाच नावं आणि अर्ज एकाचा. संमतिपत्रं आधीच गोळा करून ठेवा.

दुसरं म्हणजे, ऑर्डर घेतानाच देश पक्का करा, कारण फळातल्या किडीसाठीची प्रक्रिया देशागणिक वेगळी असते. युरोपसाठी 48 अंश पाण्यात 60 मिनिटं, अमेरिकेसाठी किमान 400 ग्रे (विकिरणाची मात्रा मोजायचं एकक) विकिरण. एकीकडचा माल ऐनवेळी दुसरीकडे वळवता येत नाही. आणि कितीही चांगला फोटो पाठवा, आतला साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) त्यात दिसत नाही. म्हणून प्रत्येक तोडीतली चार फळं कापून बघाच.