मिटिऑर ३५०: रायझर, फॉग लाइट बसवल्यापासून हँडल वळवलं की फ्यूज उडतो

जांभा_रोड (सातारा):
मंडळी, गाडी रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० बाइक, २१ हजार किमी. गेल्या महिन्यात बाहेरचं सामान बसवलंय: दोन इंची हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे), २०-२० वॅटच्या दोन एलईडी फॉग लाइट, उंच विंडशील्ड, चार्जरवाला मोबाइल होल्डर आणि मागे टॉप बॉक्स. आता हँडल पूर्ण डावीकडे नेलं की आयडल (रेस न देता इंजिनचा वेग) वाढतं. फॉग लाइट चालू असताना यवतेश्वर घाटातल्या बारीक वळणांवर १५ अॅम्पिअरचा फ्यूज उडतो, हायवेला सरळ रस्त्यावर कधीच नाही. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर नुसता कट-कट करतो, बॅटरी आठ महिन्यांचीच आहे. आणि नव्वदच्या पुढे हँडल डुलतं. दुकानदार म्हणतो, २० चा फ्यूज टाका, काही होत नाही. टाकू का?

तेलकट_हात:
२० चा फ्यूज अजिबात टाकू नका. दोन लाइट मिळून ४० वॅट, १२ व्होल्टला भागले तर सव्वातीन-साडेतीन अॅम्पिअर. एवढ्याशा लोडवर १५ चा फ्यूज उडतो म्हणजे लोड जास्त नाही, वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळेल, तीही टाकीखाली. या लाइटना ५ चा फ्यूज पुरतो, फार तर साडेसातचा.

वळणावरच उडतो, म्हणजे जागा ठरलेली: स्टिअरिंगची मान, जिथे हार्नेस (वायरांचा जुडगा) हेडलाइटकडून टाकीखाली शिरतो. रायझरने हँडल दोन इंच वर गेलं, स्विचची वायर ताणली गेली आणि फ्रेमच्या कडेवर घासतेय. टाकी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडली गेली की बीप देणारं सेटिंग) लावा. एक टोक फॉगच्या पॉझिटिव्ह वायरला (लाइटचे कनेक्टर काढून ठेवून), दुसरं फ्रेमच्या रंग नसलेल्या बोल्टला. हँडल सावकाश डावी-उजवी करा. जिथे मीटर बीप देईल तिथे इन्सुलेशन सोललेलं दिसेल, आतलं तांबं उघडं. त्यावर काळी टेप गुंडाळून भागवू नका. उन्हात टेपचा गोंद चिघळतो आणि साताऱ्याच्या पहिल्याच पावसात पाणी आत. तेवढा तुकडा बदला, क्रिंप करून (जोड दाबून बसवून) हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, मानेपाशी वायरला तीन-चार इंच ढील ठेवा.

जोडणी रिलेवरूनच (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवी. चार पिनचा साधा रिले: ३० ला बॅटरीची पॉझिटिव्ह, फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. ८७ वरून लाइट. ८५ अर्थ. ८६ ला टेललाइटच्या वायरवरून स्विचमार्फत सिग्नल. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अॅम्पिअर खाते, त्यामुळे मूळ वायरिंगवर भार येत नाही आणि चावी बंद केली की लाइटही बंद.

उभ्या गाडीत बॅटरी उतरण्याचं कारण बहुतेक तो चार्जर, थेट बॅटरीवर जोडलेला असणार. चावी बंद, निगेटिव्ह केबल काढा, मीटर १० अॅम्पिअरच्या खाचेत लावून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये धरा. ०.१ अॅम्पिअर दिसला तरी ८ अॅम्पिअर-अवरची बॅटरी ८० तासांत रिकामी, आणि सेल्फ मारण्याइतका दम त्याच्या बराच आधी जातो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचाच फ्यूज जातो.

कोनसेट:
वायरिंगचं वर आलंच. माझ्या मते आधी आयडल बघा, ती धोक्याची गोष्ट आहे. आयडल वाढतं म्हणजे थ्रॉटल केबल ताणून स्वतःच रेस देतेय. घाटात हेअरपिनला गाडी आपोआप पुढे ओढली, तर कळायलाही वेळ मिळणार नाही. ग्रिपवर २-३ एमएम मोकळा फेर हवा, हँडल दोन्ही लॉकला (डावी-उजवीकडे पूर्ण वळवलेलं) असतानाही. आधी केबलचा मार्ग बदलून बघा, बरेचदा ती हेडलाइटच्या ब्रॅकेटच्या चुकीच्या बाजूने गेलेली असते. नाहीच जमलं तर लांब केबल. अॅडजस्टर पूर्ण सोडून तात्पुरतं भागवायचं नाही.

क्लचलाही हाच नियम. केबल ताठ राहिली तर प्लेटा अर्धवट सुटतात, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि प्लेटा जळतात. ब्रेक होज बघताना पुढचं चाक जमिनीवरून उचला. फोर्क पूर्ण खाली लोंबला की होज सगळ्यात जास्त ताणतो, बसल्या गाडीवर ते दिसत नाही. एबीएस सेन्सरची वायरही तेव्हाच बघा. होज बदलला तर बॅन्जो बोल्टचे (होज जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे, डॉट ४ ब्रेक ऑइल, आणि होजमधली पूर्ण एअर काढणं.

रायझरचे बोल्ट काढून मोजा. ८ एमएमच्या बोल्टचे किमान १२ एमएम आटे आत जायला हवेत, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा ग्रेड) हवं. स्वस्तातल्या किटमध्ये हे बोल्ट आखूड निघतात.

डबल_स्टँड, कराड:
डुलण्याबद्दल. टॉप बॉक्स मागच्या अॅक्सलच्याही मागे बसतो, वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं, वर उंच विंडशील्ड हवा पकडते. बॉक्स रिकामा करून आणि शील्ड काढून त्याच रस्त्यावर चालवा, मग एकेक परत लावा. कशाने सुरू होतं ते कळेल. त्याआधी डबल स्टँड लावून पुढचं चाक उचला, फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टक् जाणवलं तर कोनसेट (स्टिअरिंगच्या मानेतलं बेअरिंग) ढिला. हँडल मध्ये येऊन खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोनसेट गेला, घट्ट करून उपयोग नाही. टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे, थंड असताना.

जांभा_रोड:
मीटरवर ०.०९ आला, चार्जर सोडल्यावर जवळपास शून्य. मानेपाशी बीपही मिळाला, वायर दोन ठिकाणी सोललीय. थ्रॉटल केबलचा मार्ग बदलला, आयडल आता हलत नाही. क्लच मात्र उजव्या लॉकला अजून ताठ. सायलेन्सरही बदलायचा होता, जरा भारदस्त आवाजाचा?

कोनसेट:
क्लचची लांब केबल घ्या, आणि ती येईपर्यंत घाट नको. सायलेन्सर मूळचाच राहू द्या. आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. साताऱ्यात पोवई नाक्यावर थांबवलं तर 'भारदस्त' ही सबब चालत नाही. चार्जर चावीवर चालणाऱ्या वायरला जोडा, फॉगच्या रिलेवर नको. नाहीतर मोबाइल चार्ज करायला भरदिवसा फॉग लाइट लावावे लागतील.