मदत हवी आहे: पावसाळ्यात ओल्या कागदावर रंग कसा आवरायचा?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात, शहापूरला राहतो. बारा वर्षं जलरंग करतोय, पण कायम एक थर वाळवून त्यावर दुसरा. यंदा ठरवलं, कागद आधी भिजवून त्यावरच रंग सोडायचा. विषय येळ्ळूरचा राजहंसगड, धुक्यात अर्धा बुडालेला, खाली भाताची खाचरं.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा आभाळात झकास पसरतो. घोळ पुढे होतो. आमच्याकडच्या जुलैत कागद तासभर ओलाच! वाळला समजून गडाची कड काढायला जावं, तर ब्रशमधलं पाणी आत घुसून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. हेअर ड्रायर लावला तर रंगच एका बाजूला पळतो. पोतासाठी मीठ टाकून बघितलं, ते नुसतं विरघळून बसलं. (आई म्हणाली, आमटीत तरी घातलं असतंस.)

कागद ३०० जीएसएम (म्हणजे चांगला जाड), शंभर टक्के कॉटन, पण गेल्या पावसाळ्यापासून कपाटात पडलेला. काही ठिकाणी रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो, तिथं ठिपके दिसतात. दमटपणानं त्याचं सायझिंग (पाणी एकदम आत शोषू नये म्हणून कागदाला दिलेला लेप) गेलं असेल का? गेलं असेल तर घरी जिलेटिनचा पातळ हात देऊन कुणी कागद वाचवलाय का? प्रमाण किती घेतलं?

आणि खानापूर, आंबोलीकडं पावसात बाहेर बसून रंगवणारे कुणी असाल, तर कागदाची चमक नेमकी कितपत उतरल्यावर दुसरा रंग सोडता, तेवढं सांगा की.