मदत हवी आहे: गावच्या जमिनीत विमानतळ, नोटीस आलीये, हरकत कशी घ्यायची?

चाकरमानी_डोंबिवली: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून थेट विचारतो. आमच्या कोकणातल्या गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) विमानतळ येणार अशी इतके दिवस नुसती चर्चा होती, आता नोटीस आलीये. काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय पण अर्धा काळा आलाय. आमची काजू नि हापूसची कलमं सगळी त्यात जातायत. वरची वाडी द्यायला तयार, खालची नाही, ग्रामसभेत खुर्च्या उचलायची वेळ आली, आणि आता शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात आधी यावरून बैठका चालल्यात. हरकतीचा फॉरमॅट असेल तर टाका, सुट्टी नाही त्यामुळे ऑनलाइन होत असेल तर बेस्ट.

कातळकर: नोटीस कुठल्या कायद्याची, कुठल्या कलमाची? तारीख काय? सातबारा कोणाच्या नावावर? हे सोडून बाकी सगळं लिहिलंत.

पनवेलचा_पाटील: लढा आणि विकसित भूखंड मागा. नवी मुंबई विमानतळाला आमच्याकडे गेलेल्या जमिनीच्या २२.५ टक्के विकसित भूखंड मिळाले, ते शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनाच्या पुण्याईवर. रोख घेऊ नका, रोख वर्षात उडते.

कातळकर: दादा ते सिडकोचं पॅकेज, तिथे नवं शहर वसत होतं. सड्यावर भूखंड घेऊन काय करायचं, माकडं राखायची?

पनवेलचा_पाटील: आमच्याकडे पण आधी खाडी नि भातशेतीच होती.

झिलगो: गाववाल्या, सही करू नको म्हणजे करू नको. सिंधुदुर्गात चिपी विमानतळ २०२१ क सुरू झालो, खाली गोव्यात मोपा आसा, रत्नागिरीत कोस्टगार्डाची धावपट्टी आसा. आणि कित्याक होयो?

चाकरमानी_डोंबिवली: हवा की नको ते नंतर बघू हो! कलम ११, २०१३ चा भूसंपादन कायदा असं दिसतंय. सातबारा आजोबांच्या नावावर, ते वारले, बाबा नि तीन काका. प्लीज फक्त फॉरमॅट.

कातळकर: मग ही प्राथमिक अधिसूचना. कलम १५ खाली हरकतीला ६० दिवस, ते अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून, काकांनी फोटो पाठवला तेव्हापासून नव्हे. फॉरमॅट लागत नाही, साधा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, गट नंबर घालून, कारणं मुद्देसूद. पोच घ्या. सुनावणीला स्वतः जायलाच हवं असं नाही, अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला किंवा वकिलाला पाठवता येतं. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी वारस म्हणून हितसंबंधित व्यक्ती आहात, हरकत चालते. तरी वारस नोंद टाका, नाहीतर पुढे मोबदला तिथेच अडकेल.

काजूवाली_ताई: सगळे कायद्यावर बोलतायत, मी झाडांचं सांगते. पीकपाहणीत काय लागलंय ते बघितलंत का? धरणाच्या वेळी आमच्या बारा नंबरला (सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत) नुसतं 'गवत' होतं, वीस वर्षांची काजू असून. संयुक्त मोजणीला आलेला माणूस कागदावरून बोट हलवेना. शेवटी सासऱ्यांनी प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर घातला, बुंध्याशी मोजपट्टी धरून फोटो काढले आणि पंचनाम्यात एकेक झाड लिहून घेतलं तेव्हा झाडांचे पैसे धरले. तुम्ही डोंबिवलीत बसून हे होणार नाही, मोजणीला घरचं माणूस हवंच. ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरची पिकांची नोंद) लगेच करून घ्या.

झिलगो: म्हणजे द्यायचीच धरून चालली ही!

काजूवाली_ताई: देणं न देणं त्यांचं. विरोध करणाऱ्याची झाडं मोजायची नाहीत असं कुठे लिहिलंय?

प्लॉटवाला_रोहा: विकायची असेल तर सांगा, मुंबईची पार्टी आहे, आजच टोकन.

कातळकर: कलम ११ ची अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार बंद असतात, पार्टीला सांगा.

चाकरमानी_डोंबिवली: आत्ता फोन केला. धाकट्या काकांनी वरच्या वाडीच्या मीटिंगला कसल्यातरी कागदावर सही केलीये. संमती की हजेरी, त्यांनाच माहीत नाही. आता आमची पण गेली का?

कातळकर: त्यांची सही त्यांच्या हिश्श्यापुरती, बाबांची त्यात धरता येत नाही. त्या कागदाची नक्कल लेखी मागा आणि हरकतीत स्पष्ट लिहा की आम्ही संमती दिलेली नाही. आधी अधिसूचनेची तारीख शोधा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असेल.

सहज_आलो: मोपाला गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळापेक्षा तिकीट स्वस्त पडतं का? गणपतीला जायचंय, रेल्वेची वेटिंग लिस्ट आहे.