मदत हवी आहे: खेळात स्वतःहून ‘आउट’ सांगायला मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार. मी कोथरूडमधल्या एका शाळेत सहावीला शारीरिक शिक्षण शिकवते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात लागला की ज्याला लागला त्याला ते नक्की कळतं, तरी ‘नाही लागला’ म्हणून भांडण सुरू! परवा एका मुलाने हात वर करून ‘बाई, मला लागला’ असं सांगितलं, तर त्याच्याच संघातली मुलं त्याच्यावर ओरडली. तो रडवेला झाला. मला फार वाईट वाटलं.

मुलांना मी १९८० च्या मुंबई कसोटीची गोष्ट सांगितली. पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला, तो बाद नाही असं वाटल्याने, आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने परत बोलावलं आणि आपण तो सामना हरलो. एका मुलीने लगेच विचारलं, ‘मग उपयोग काय?’ मला नीट उत्तर देता आलं नाही.

अल्टिमेट फ्रिस्बीत (तबकडी फेकून खेळायच्या सांघिक खेळात) सहसा पंच नसतात, खेळाडूच फाउल सांगतात. तसं लंगडी, डॉजबॉलमध्ये करून पाहावं का? खरं सांगणाऱ्याला गुण द्यावेत, की मग मुलं गुणांसाठीच खरं बोलतील? आणि त्या मुलाच्या संघाशी कसं बोलू? कुणी असं काही केलं असेल तर अनुभव नक्की सांगा.