कुटुंब एकत्र राहावं म्हणून सरकारने काही करावं का?

प्रश्न: आईवडील एकीकडे, मुलं दुसरीकडे असं सगळीकडेच झालंय, तर कायदा करून किंवा टॅक्समध्ये सूट वगैरे देऊन सरकारने घरं जोडून ठेवावीत का? मला तरी वाटतं ठेवावीत, पण कशी?

प्रतिसाद १: चीनमध्ये २०१३ पासून कायदाच आहे की वेगळं राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना वरचेवर भेटावं, पण किती वेळा ते लिहिलेलंच नाही. आणि कोर्टाच्या धाकाने आलेला मुलगा समोर बसून बोलणार काय?

प्रतिसाद २: भेटीचं सोडा, पोटगीचा कायदा मात्र हवाच. भारतात २००७ चा आहे, मुलांनी टाकलेल्यांना ट्रिब्युनलकडे दाद मागता येते.

प्रतिसाद ३: सक्तीपेक्षा सोय करा ना. सिंगापूरने २०१५ मध्ये आईवडिलांसोबत किंवा जवळपास घर घेणाऱ्यांना अनुदान सुरू केलं, म्हणजे एकाच छताखाली राहायचंही बंधन नाही, हे मला फार पटलं. स्वीडनमध्ये एका मुलामागे ४८० दिवस रजा, त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकाचे राखीव, बापाने घेतले नाहीत तर गेले! माणसांना वेळच मिळत नाही हो, खरं दुखणं ते आहे.

प्रतिसाद ४: फक्त एक बघा, जिथे घरात मारहाण आहे तिथल्या बाईला अनुदान जाईल म्हणून तिथेच राहावं लागू नये.