सुरक्षा नियामकाच्या बोर्डावर बाहेरची माणसं: वचक की नुसती शोभा?

इरावती_लीड्स
ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघते ती हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई. तिच्या बोर्डावर बसणारे अध्यक्ष आणि सदस्य सगळे नॉन-एक्झिक्युटिव्ह, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेली बाहेरची माणसं. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी आणि त्यांचे अधिकारी बघतात, बोर्ड दिशा ठरवतं आणि जाब विचारतं. माझ्या युनियनमधला एक सहकारी अशा जागेसाठी अर्ज करतोय. त्यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे: ही जागा मोलाची आहे, पण ती तशी राहते ती एका तरतुदीमुळे. १९७४ च्या कायद्यानुसार मंत्र्याने तीन सदस्य मालकांच्या संघटनांशी, तीन कामगार संघटनांशी आणि एक स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून नेमायचे असतात. अध्यक्ष सोडून जास्तीत जास्त अकरा सदस्य. म्हणजे ज्याने मचाणावर उभं राहून काम केलंय किंवा तसं काम करणाऱ्यांची बाजू लढवलीय, त्याला टेबलाशी बसवणं हा कायद्याचाच भाग आहे.

हा माणूस तिथे करतो काय? कुठल्या कंपनीवर खटला भरायचा हे तो ठरवत नाही आणि ठरवूही नये. मंत्र्यालाही एखाद्या विशिष्ट प्रकरणात कारवाई करा किंवा करू नका असा हुकूम देता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे. तो निर्णय इन्स्पेक्टरचा आणि त्याच्या वरिष्ठांचा. बोर्ड विचारतं ते वेगळं: इन्स्पेक्टर किती उरले, नवे तयार व्हायला किती वर्षं लागतात, मृत्यूच्या तपासाला किती महिने लागले, पैसा कुठल्या क्षेत्रात वळवला आणि कुठून काढला. या प्रश्नांवरच पुढच्या वर्षी कुठल्या साइटवर कोणी पोचणार हे ठरतं.

तात्या_एमआयडीसी
इरावतीताई, मनापासून असहमत. मी आयुष्यभर प्लँट मेंटेनन्समध्ये काढलं. बोर्डावर कोण बसलंय याने शॉपफ्लोअरवर काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो दारात अचानक उभ्या राहणाऱ्या इन्स्पेक्टरने.

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. मार्च २०११ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की एचएसईच्या नियमित तपासण्या एक तृतीयांशाने कमी करायच्या. शेतीसारखं क्षेत्र, जिथे कामगारांमागे मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त, त्यात म्हणे तपासणीचा उपयोग होत नाही, म्हणून तेही नियमित तपासणीतून बाहेर. तेव्हा बोर्ड होतंच ना? तीन अधिक तीनही होते. काय थांबवलं त्यांनी? अनुदानाला कात्री लागत गेली आणि २०१२ पासून कायदा मोडणाऱ्या कंपनीकडून इन्स्पेक्टरच्या तासांचे पैसे घ्यायची पद्धत आली. बोर्डाने अंमलबजावणी केली. सरकारने ठरवलं आणि यांनी माना डोलावल्या.

कोळसा_आणि_कायदा
तात्यांशी अर्धवट सहमत. पण मुळात बोर्ड कशाला, हा प्रश्न इतिहासाशिवाय सुटणार नाही.

१९७४ च्या कायद्याचा पाया लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीचा १९७२ चा अहवाल. त्याआधी कारखाने, खाणी, शेती, दुकानं, प्रत्येकाला वेगळा कायदा आणि वेगळा निरीक्षक. रॉबेन्सनी म्हटलं, नियमांचा डोंगर झालाय. धोका जे निर्माण करतात आणि धोक्यात जे काम करतात, त्यांनीच जबाबदारी घ्यावी, राज्याने चौकट द्यावी आणि टोकाला दंडुका उगारावा. मालक आणि कामगार एकाच टेबलाशी, ही कल्पना तिथून पक्की झाली.

हेच रॉबेन्स १९६६ मध्ये नॅशनल कोल बोर्डाचे, म्हणजे सरकारी कोळसा खाणी चालवणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष होते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावात खाणीच्या मातीचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. चौकशीने कोल बोर्डाला दोषी धरलं. मोठ्या बोर्डांवर मोठी माणसं बसली म्हणून ढीग हलायचा थांबत नाही. डोंगरउतारावरच्या झऱ्यावर ढीग रचलाय, हे गावातल्या लोकांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते लेखी कळवलंही होतं. ते कागद वरच्या खोलीत पोचवणारं कोणी नव्हतं. म्हणूनच बोर्डावर गावातला, खाणीतला माणूस हवा असं मी म्हणतो. नेमायचं असेल तर अशा माणसाला नेमा, नाहीतर बोर्डच नको.

इरावती_लीड्स
@तात्या, २०११ चा मुद्दा मी टाळत नाही. त्या निर्णयाने नुकसान झालं असंच माझंही मत आहे. पण त्यातून 'बोर्ड नको' हे कसं निघतं? बोर्ड नसतं तर त्याच निर्णयाचे कागद बाहेर तरी आले असते का? एचएसईच्या बोर्डाचे कागद आणि इतिवृत्तं प्रसिद्ध होतात. युनियनवाले तेच कागद घेऊन खासदारांकडे जातात. मीही गेले आहे. बंद दाराआड मंत्री आणि सचिव एवढेच असते तर आम्ही कशाला धरून भांडलो असतो?

दुसरं, इन्स्पेक्टरची ताकदच बघा. खोल चर खणलाय, बाजूला आधाराच्या फळ्या नाहीत, आत दोन माणसं पाइप जोडतायत. इन्स्पेक्टर काठावर येतो, बघतो, माणसांना वर बोलावतो आणि तिथेच मनाईची नोटीस लिहितो. अपघात झालेला असायला लागत नाही, गंभीर इजेचा धोका दिसला की पुरे. कंपनीने अपील केलं तरी न्यायाधिकरण वेगळं काही सांगेपर्यंत काम बंदच. सुधारणेच्या नोटिशीचं तसं नाही, तिथे अपील झालं की नोटीस थांबते. मनाईची थांबत नाही, कारण चर अपिलाची वाट बघत नाही. ही ताकद कायद्याने दिली. पण ती वापरायला इन्स्पेक्टर साइटवर जाईल की स्क्रीनपुढे बसेल, हे ठरतं मनुष्यबळाच्या आराखड्यात. आणि तो आराखडा बोर्डापुढे येतो.

हिशेबी
आकडे बोलू द्या. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये कामावर ६५१ कर्मचारी मेले, २०२३-२४ मध्ये १३८ कामगार. कुणाला श्रेय द्यायचं ते द्या, पण व्यवस्था काम करते.

पत्र्याखाली
@हिशेबी, हा आकडा अर्धाच आहे. एक तर खाणी, पोलाद, जहाजबांधणी, सगळं बंद पडलं किंवा परदेशात गेलं. मरण्याची कामंच तिथून हलली. दुसरं म्हणजे हे फक्त अपघाती मृत्यू. जुन्या काळी फुफ्फुसात गेलेल्या धुळीने आणि रसायनांनी होणारे मृत्यू एचएसईच्याच अंदाजाने वर्षाला बारा हजारांच्या घरात आहेत. त्यातला मोठा वाटा अ‍ॅस्बेस्टॉसचा. निळा आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस तिथे १९८५ मध्ये बंद झाला, पांढरा पार १९९९ मध्ये. तो धोकादायक आहे हे त्याआधी कितीतरी दशकं ठाऊक होतं. मग १९७४ नंतर टेबलाशी बसलेले तीन मालक आणि तीन कामगार प्रतिनिधी काय करत होते?

माझी भीती नेमकी हीच. त्रिपक्षीय टेबलावर सहमती लागते, आणि सहमती नेहमी हळू माणसाच्या वेगाने चालते. धूळ तोवर थांबत नाही. आपल्याकडे तर सिमेंटच्या पत्र्यांत पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस आजही सर्रास आहे. आमच्या घरावर तेच पत्रे होते. वडील ते स्वतः करवतीने कापायचे, तोंडाला रुमालही नाही.

सिडनीहून
हळू चालते हे खरं, पण नेहमीच नाही. किचनच्या ओट्यासाठी जो कृत्रिम दगड वापरतात, त्यात सिलिकाचं प्रमाण फार असतं. तो कोरडा कापला की कारागिराला काही वर्षांतच सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, होतो, तिशी-चाळिशीतल्या पोरांना झाला. इथे सेफ वर्क ऑस्ट्रेलिया नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्यावरही राज्यं, मालक आणि कामगार संघटना तिघांचे सदस्य बसतात. तिने बंदीची शिफारस केली, डिसेंबर २०२३ मध्ये मंत्र्यांनी मान्य केली, १ जुलै २०२४ पासून बंदी लागू. यामागे युनियनचा रेटा होता, डॉक्टर होते, आजारी कामगार स्वतः बोलले. टेबलाशी जागा असल्यामुळे तो रेटा आत शिरला. @पत्र्याखाली, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांच्यासारखाच कोणी आत बसायला हवा, म्हणून ही जागा हवी.

तात्या_एमआयडीसी
ऑस्ट्रेलियाचं कौतुक मान्य. पण आता आपल्या दारात या. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट, मे २०२४ मध्ये पुन्हा स्फोट. आपल्याकडे एचएसईसारखं बोर्डच नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे राज्य सरकारचं खातं, सचिवाच्या हाताखालचं. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यात राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर सल्लागार मंडळं आहेत. फक्त सल्लागार! सल्ला घ्यायचा की नाही ते सरकार ठरवणार. त्यात इन्स्पेक्टर झाला 'निरीक्षक-नि-सुलभकर्ता' आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. दहा ते एकोणीस माणसं असलेली शेडं कुणाच्या नजरेखाली? तुम्ही तिकडे बोर्डावर कोण बसावं यावर वाद घालताय, इकडे जाब विचारायला टेबलच नाही.

इरावती_लीड्स
तात्या, तुमच्या शेवटच्या वाक्याने तुम्ही माझ्याच बाजूला आलात. टेबल नाही म्हणून तुम्ही तळमळताय. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते सांभाळायला नको?

कोळसा_आणि_कायदा
एक भर. बोर्ड नीट चाललं नाही तर काय होतं तेही बघा. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला १४ जून २०१७ ला आग लागून ७२ माणसं गेली. त्यानंतरच्या २०२२ च्या कायद्याने उंच इमारतींचा नवा नियामक एचएसईमध्येच उभा केला. काम प्रचंड, हाताशी माणसं अपुरी. नव्या इमारतीच्या बांधकामपूर्व मंजुरीला कायद्याने बारा आठवडे, प्रत्यक्षात कितीतरी जास्त. अखेर २०२५ मध्ये सरकारने तो नियामक एचएसईतून बाहेर काढत असल्याचं जाहीर केलं. 'एवढा पसारा आपल्याला पेलेल का' हा प्रश्न बोर्डाने सुरुवातीलाच, मोठ्या आवाजात आणि लेखी विचारायला हवा होता. तसा किती जोरात विचारला गेला, ते बाहेरून मोजायची सोय असायला हवी. @इरावती, तुमच्या सहकाऱ्याला निवड समितीसमोर हेच बोलायला सांगा.

पत्र्याखाली
आणि आजाराचं विसरू नये हेही सांगा. अपघात पेपरात येतो. धुळीने मेलेला माणूस तीस वर्षांनी, निवृत्तीनंतर, घरी मरतो. बोर्डाच्या प्रत्येक बैठकीत अपघाताच्या तक्त्याशेजारी आजाराचा तक्ता नसेल, तर त्याने सही करू नये.

इरावती_लीड्स
दोन्ही मुद्दे त्याला पाठवलेत. अर्जात आजाराचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घालतोय. ग्रेनफेलबद्दल मुलाखतीत बोलेन म्हणाला, पण त्याआधी त्याला बोर्डाचे जुने इतिवृत्त वाचायचेत, उंच इमारतींवर कोण काय बोललं ते शोधायला. @कोळसा, तुमच्याकडे त्या काळातले बैठकीचे कागद उतरवून ठेवलेले असतील तर इथेच टाका.