राखीची ट्रिप: दांडेली, आंबोली की घरातच बसू? (मदत हवी आहे)

वडगावकर, सोमवार १६ ऑगस्ट २०२१

मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या, आणि जमलं तर उद्या रात्रीपर्यंत उत्तर द्या कारण रिसॉर्टवाल्याला बुधवारी ॲडव्हान्स पाठवायचाय.

आम्ही बेळगावात वडगावला. घरात बाबा, वय ६८, शुगर आहे, कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेत. आई ६३, तिला एप्रिलच्या शेवटी कोविड होऊन गेला, ॲडमिट करायची वेळ आली नाही पण दोन रात्री ऑक्सिमीटर घेऊनच बसलेलो सगळे. बरं झाल्यावर तीन महिने लस घेऊ नका म्हणून सांगितल्यामुळं तिचा पहिला डोस आत्ता गेल्या आठवड्यात झाला. मी आणि बायको, एकेक डोस, जूनमध्ये सगळ्यांना फ्री सुरू झाल्यावर मिळाला, दुसऱ्याला ८४ दिवस, म्हणजे सप्टेंबर अर्धा जाणार. मुलगी नववीला, मुलगा सहा वर्षांचा, त्यांना तर लसच नाही.

ताई कोल्हापूरला. आई आजारी असताना ताई बिचारी कोविड टेस्टचा रिपोर्ट नाही म्हणून राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावरनं परत गेली आणि ते दोघींच्या पण मनातनं अजून जात नाही. तर बाबांनी काढलंय की येत्या रविवारी राखी आहे, शुक्रवारी संध्याकाळी निघू, ताई-दाजी आणि पोरांना पण बोलवू, तीन रात्री दांडेलीला राहू, सोमवारी परत. खर्च बाबा करणार पेन्शनीतनं, म्हणून नाही म्हणायला आणखीनच अवघड. मला सुट्टीचा प्रश्न नाही, तशेही निम्मे विणायचे माग बंदच आहेत.

आता गंमत बघा. दांडेली कर्नाटकात, आम्हाला कसला रिपोर्ट नको. पण ताईला कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह पाहिजे, दोन डोस झाले असले तरी पाहिजे, जुलैच्या शेवटी तसा आदेशच निघालाय, सूट फक्त दोन वर्षांच्या आतल्या बाळाला. म्हणजे चौघांची टेस्ट. मग दाजी म्हणाले आंबोलीला या, आम्ही मोकळे येतो. होय, ते मोकळे येतील, पण मग येताना बाची नाक्यावर आमच्या सहा जणांचे रिपोर्ट, आणि जाताना पण महाराष्ट्राचा नियम दोन डोस नाहीतर टेस्ट असा आहे, त्यात बसणारे एकटे बाबाच. हद्दीपलीकडची शिनोळी आमच्या घरापासनं अर्ध्या तासावर हो, लग्नाची पत्रिका द्यायला दुपारी जाऊन चहाला घरी परत येणारी माणसं आम्ही, आणि आता तिकडं जायला नाकात काडी घालून घ्यायची.

त्यात वीकेंड कर्फ्यू. आपला जिल्हा महाराष्ट्राला लागून म्हणून शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी पहाटे ५. दांडेली उत्तर कन्नडमध्ये, तिकडं वीकेंड कर्फ्यू नाही. म्हणजे ९ च्या आत खानापूरच्या पुढं गेलं पाहिजे आणि सोमवारी पहाटे पाचनंतरच आपल्या हद्दीत यायचं. आणि नेमकं सोमवारी २३ तारखेला नववी ते बारावीच्या शाळा सुरू होणार! पोरगी दीड वर्ष मोबाईलवर शिकालीय, पहिल्याच दिवशी दांडी मारायला तयार नाही, ते पण बरोबरच आहे.

आई म्हणते कुठंच नको. बाबा म्हणतात अजून किती दिवस बसायचं, मी काय कायम राहणार आहे काय. बायको म्हणते तुम्ही काय ते ठरवा, म्हणजे चुकलं तर माझ्यावर. तुम्ही काय केलं असतं? आणि कोगनोळीला सध्या खरंच तपासतात काय?

निपाणीचा पाव्हणा

तपासतात. माझं येणंजाणं रोजचं आहे, दिवसा तर बघतातच. रिपोर्ट मोबाईलवर असला तरी एक झेरॉक्स जवळ ठेवायला सांगा ताईंना, नेट चालत नाही ऐनवेळी. आणि ७२ तास सॅम्पल दिलेल्या वेळेपासनं धरून चला, रिपोर्ट हातात आल्यापासनं नको, कोण कसं मोजेल सांगता येत नाही. रिपोर्ट यायलाच एक-दीड दिवस जातो, त्यामुळं बुधवारी दुपारी सॅम्पल दिलं तर शुक्रवारी निघता येईल.

दाजींना कोणीतरी सांगेलच की गावातल्या रस्त्यानं या, नाका लागत नाही. नको. पुढं कुठंतरी अडवलं तर पोरांना घेऊन रात्री रस्त्यात उभं राहायचं काय?

म्हापसेकर

गोव्याला या असं कोण तरी म्हणणारच, म्हणून मीच आधी सांगतो, येऊ नका. चोर्ला घाटातून उतरलात की केरीच्या नाक्यावर रिपोर्ट मागणार, नाहीतर दोन डोस होऊन १४ दिवस झाल्याचं सर्टिफिकेट, आणि तुमच्या घरात ते एकाचंच आहे. आमचा कर्फ्यू पण दर आठवड्याला वाढवतायत. नंतर या, मासे कुठं पळून जात नाहीत.

टिळकवाडी_कट्टा

मला एक कळत नाही, घरात बसून तुम्ही सेफ आहात हे कुणी सांगितलं? ३ सप्टेंबरला महापालिकेचं मतदान आहे, आता रोज गल्लीत प्रचाराला वीसवीस जण येणार, मास्क हनुवटीवर, आणि तुमच्या बाबांचे हात हातात घेऊन नमस्कार करणार. एप्रिलच्या पोटनिवडणुकीत काय झालं ते बघितलंय की आपण सगळ्यांनी. त्यापेक्षा दांडेलीला काळी नदीच्या काठावर झाडाखाली बसलेलं शंभरपट चांगलं. बाबांचं ऐका. म्हातारी माणसं दीड वर्ष चार भिंतीत बसली की दुसरेच आजार लागतात, माझ्या वडिलांचं चालणंच बंद झालंय, त्याला कोण रिपोर्ट देणार?

सिस्टर_बेळगाव

कोविड वॉर्डात ड्युटी केलेली आहे त्या अनुभवावर लिहितेय, तुमच्या डॉक्टरांना पण विचाराच.

दादा, तुमची पूर्ण पोस्ट नाक्याबद्दल आहे. कुठला नाका, कुठला रिपोर्ट, किती वाजता. विषाणूला बाची काय आणि कोगनोळी काय. तुम्ही बघायला पाहिजे ते वेगळंच आहे, दहा माणसं तीन रात्री किती खोल्यांत झोपणार आणि कुठं जेवणार.

बुधवारी दिलेलं सॅम्पल निगेटिव्ह आलं म्हणजे बुधवारी सापडलं नाही, एवढंच. गुरुवारी दाजी ऑफिसात कुणाच्या शेजारी बसले ते त्यात येत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण चार-पाच दिवस जातात, कधी जास्त पण, आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासनंच माणूस पसरवत असतो. कोल्हापूर अजून महाराष्ट्राच्या त्या ११ जिल्ह्यांच्या यादीत आहे जिथं २ ऑगस्टला निर्बंधांत सूट दिली नाही. आंबोली ज्या सिंधुदुर्गात येते तो पण त्याच यादीत.

दुसरं, तुम्ही सगळे आईला जपालाय. बरोबर आहे, तुम्ही ते दिवस बघितलेत. पण कोविड होऊन गेलेला आणि वर एक डोस, म्हणजे त्यांचं संरक्षण बऱ्यापैकी असतं. मला काळजी बाबांची वाटते. ६८ वय आणि शुगर. दोन डोसमुळं सिरियस होण्याची शक्यता खूप कमी होते पण लागण होतच नाही असं नाही, डेल्टा व्हेरियंटमध्ये दोन डोसवाले पेशंट आम्ही बघितलेत. त्यांची शुगर सध्या किती आहे? फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची, बघून घ्या ट्रिप ठरवायच्या आधी.

पोरांचं फार मनावर घेऊ नका. तिसरी लाट लहान मुलांवरच येणार म्हणून टीव्हीवर चाललंय त्याला काही पक्का आधार नाही. आयसीएमआरचा चौथा सिरो सर्व्हे, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची पाहणी, जुलैमध्ये आला त्यात सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, आणि मुलांतही निम्म्याहून जास्त. म्हणजे बऱ्याच पोरांना न कळत होऊन पण गेलाय. पोरं स्वतः फार आजारी पडत नाहीत, ती आजोबांच्या मांडीवर जाऊन बसतात, प्रश्न तो आहे.

मला विचाराल तर तुमचा आणि वहिनींचा दुसरा डोस होऊन दोन आठवडे जाऊ द्या, ऑक्टोबर उजाडेल, मग जा. आत्ताच जायचं असेल तर फक्त घरची माणसं, उघड्यावर, आणि एसी बंद.

खानापुरी तिखट

सिस्टरांनी बोललं ते बरोबरच, मी रस्त्याचं सांगतो. रामनगरकडनं जाऊ नका, काम अर्धवट आणि पावसानं खड्डेच खड्डे. नंदगड-हल्याळवरनं जावा. शुक्रवारी सहाच्या आत घर सोडलं तर ठीक. ताईंची गाडी कोल्हापुरातनं येऊन तुमच्याबरोबर सहाला कशी निघणार ते पण बघा, नाक्यावर लाईन लागली तर गेले तुमचे दोन तास, आणि ९ वाजले की सगळाच घोटाळा.

आणि एक विचारा रिसॉर्टवाल्याला, आख्खं कॉटेज आहे की जेवायला सगळ्यांचा मिळून एक हॉल आहे? पावसात बाहेर बसायला जागा नसली की सगळे त्या एकाच हॉलमध्ये, खिडक्या लावून. मी मित्राच्या होमस्टेला बघितलंय, पावसाळ्यात रूममध्ये पत्ते खेळण्याशिवाय काही होत नाही. जंगल वगैरे फोटोतच. शिवाय बाबांची शुगर रात्री खाली गेली तर तिथनं मोठं हॉस्पिटल म्हणजे धारवाड नाहीतर परत बेळगाव, आणि रात्रीच्या अंधारात त्या रस्त्यानं तुम्ही गाडी मारणार.

वडगावकर

सगळ्यांना थँक्यू. सिस्टर, बाबांची फास्टिंग आज सकाळी केली, १८८. त्यांनी दोन महिने तपासलीच नव्हती आणि गोळी एक दिवसाआड घेत होते म्हणे, का तर मेडिकलला जायला नको म्हणून! आई तर उडालीच. उद्या डॉक्टरांना फोन करतो.

रिसॉर्टला विचारलं. जेवायला एकच हॉल. खोल्या तीन देतो म्हणाला, चौथी मागितली तर रेट ऐकून मीच गप्प झालो. ॲडव्हान्स परत मिळत नाही, तारीख पुढं ढकलता येते एकदा, ते पण लेखी देतो म्हणाला नाही, फोनवरच.

टिळकवाडी_कट्टा

लेखी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायला सांगा, तेवढं तरी. बाकी माझं मत तेच आहे, पण १८८ म्हणजे आधी ते बघा.

निपाणीचा पाव्हणा

राखी पोस्टानं टाकायची असली तर ताईंना उद्याच्या उद्या स्पीडपोस्ट करायला सांगा, रविवारच्या आत पोचली पाहिजे.

सिस्टर_बेळगाव

१८८ ने घाबरू नका, पण गोळी रोज. आणि बाबांना घरात कोंडून ठेवा असं माझं म्हणणं नाही हं, टिळकवाडीकरांचा तो मुद्दा खरा आहे. एका दिवसाचं कुठंतरी न्या, उघड्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना. डबा घरचा.

वडगावकर, मंगळवार रात्री

तर ठरलं असं. दांडेली आत्ता कॅन्सल, ॲडव्हान्स पाठवला नाही. दसऱ्याला बघू, तोवर आमचे दोघांचे डोस होतील, आईचा पण दुसरा नोव्हेंबरच्या आसपास आहे, म्हणजे कदाचित दिवाळीच उजाडेल. ताईला फोन केला तर ती पहिल्यांदा गप्पच झाली आणि मग म्हणाली खरं सांगू काय, मलाही दोन पोरांना टेस्टला न्यायचं टेन्शन आलेलं, पण बाबांना नाही कसं म्हणायचं. म्हणजे दोन्हीकडनं सगळे बाबांसाठी तयार होते आणि मनातनं कुणालाच जायचं नव्हतं. दाजी तेवढे थोडे नाराज आहेत, त्यांनी आंबोलीचं हॉटेल बघून ठेवलेलं.

बाबांना सांगायला मुलीला पाठवलं, कारण तिच्यावर ते चिडत नाहीत. माझ्याशी जेवताना बोलले नाहीत. पण नंतर स्वतःच म्हणाले, मग गोकाकला तरी न्या, पाणी भरपूर असेल, जुलैत एवढा पूर आलेला. नोकरीला गोकाकला होते ते लग्नाच्या आधी. तर गुरुवारी सकाळी निघून गोकाक फॉल्स, रात्रीचा कर्फ्यू ९ ला लागायच्या कितीतरी आधी परत. आई येणार नाही म्हणतीय, मला तिची समजूत काढायची पण नाही, ती राहू दे निवांत एक दिवस.

गोकाककडचं कुणी आहे काय इथं? धबधब्यावरचा झुलता पूल चालायला उघडा आहे काय सध्या? गाडी वरच्या बाजूला लावायची की खाली? आणि बाबांना एक वाजता जेवायला लागतं, गोळीमुळं, तर सावलीत बसून डबा खायला जागा कुठं मिळेल, पाऊस आला तर शेड वगैरे काही आहे काय? मी लहानपणी गेलोय त्यामुळं काही आठवत नाही.